दारात न मावणारं कपाट

मी कपाट बोलतोय. हसू नका. इतकी वर्षं घरातल्यांचं सगळं पोटात ठेवलं, आता थोडं बोललो तर काय बिघडलं?

मी या घरात दारातून आलोच नाही. नुसत्या फळ्या आल्या, रंधा चालला, आणि सुतारानं मला याच खोलीत उभं केलं. "भिंतीभर हवं," असं घरच्या बाईंनी बजावलं होतं. मग त्यांनी पांघरुणं, औषधं, लेकीची झबली असं काय काय माझ्यात कोंबलं. त्या गेल्या आणि घरात त्यांचे यजमान अप्पा आणि लेक अशी दोघंच उरली.

पुढे अप्पांची नजर गेली आणि माझं खरं काम सुरू झालं. पलंगावरून उठले की ते माझ्या कडेवर हात ठेवत आणि मला धरून दारापर्यंत जात. कुणाचा हात धरणं त्यांना नको असे. "तिला तिची कामं काय कमी आहेत?" असं ते मलाच सांगत. त्यांच्या तळव्यानं माझ्या कडेचं पॉलिश उडालं. मला त्याचा अभिमान होता.

जिने झेपेनात म्हणून लेकीनं घर विकायला काढलं. अप्पांची अट एकच. "कपाट येणार असेल तर मी येतो."

"येणार म्हणजे येणार," लेक म्हणाली.

मग दलाल आला. बोलघेवडा, पण सल्ला खरा देणारा. "ताई, निम्मं सामान हलवा, खोली मोठी दिसते. गळका नळ बदला, घेणाऱ्याचं लक्ष आधी तिकडे जातं. ओल रंगाखाली झाकू नका, नंतर भांडणं होतात. आणि हे धूड आधी बाहेर काढा."

"ते शेवटपर्यंत इथंच राहील. अप्पा त्याला धरून चालतात."

बाकी सगळं तिनं ऐकलं. नळ बदलला, ओल आपणहून दाखवली. घर विकलं गेलं. नव्या घरात तिनं माझी जागा टेप लावून ठरवली, पलंगापासून दारापर्यंत, अगदी इथल्यासारखी. लिफ्ट मोजली, ट्रक मोजला. या खोलीचं दार मात्र मोजलं नाही. रोज ज्यातून ये-जा करतो ते दार कोण मोजतं?

निघायच्या दिवशी हमालांनी मला उभं नेलं, आडवं केलं, तिरकं केलं. मी दारात अडकलो तो अडकलोच. मुकादम घाम पुसत म्हणाला, "हे आतच बनवलेलं दिसतंय. चौकट फोडा, नाहीतर कपाट कापा."

"चौकट आता आमची नाही हो," लेक म्हणाली. ती अप्पांकडे वळली. "अप्पा, कापून नेऊ का? तिकडे जोडून घेऊ."

अप्पांनी मला चाचपलं. मी असा वेडावाकडा, त्यांना नेहमीची कड सापडेना. मला फार वाईट वाटलं.

"कापलेलं जोडता येतं गं," ते म्हणाले, "पण मग ते हलतं. मला त्याच्यावर भार टाकायचाय. राहू दे."

मला पुन्हा भिंतीशी लावलं. अप्पा बाहेरच्या खोलीत गेले. ती पार रिकामी झाली होती. सवयीनं पुढे केलेला त्यांचा हात हवेतच राहिला. लेकीनं काखेतलं खोकं खाली ठेवलं, पुढे जाऊन आपला खांदा त्यांच्या हाताखाली दिला. अप्पांनी हात काढला नाही.

आता माझ्यात दुसऱ्यांचे कपडे आहेत. माणसं चांगली आहेत, दारं हळू लावतात. सगळ्यांचे डोळे शाबूत आहेत, त्यामुळे मला कुणी धरत नाही.

तुम्ही घर विकायला काढाल तेव्हा रंग बघा, नळ बघा, कागदपत्रं बघा. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एखादी वस्तू न्यायचा शब्द द्यायच्या आधी ती दारातून जाते का, तेवढं मोजा. अप्पा अजून लेकीच्या खांद्यावर हात ठेवून चालतात, की ती कामाला गेली की एकटेच भिंती चाचपतात, हे मला कळायला मार्ग नाही.