त्यांच्यातलं दुखणं

धाकटीच्या गोळ्यांची डबी जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या शेजारी अगदी उघड्यावर असायची, आणि थोरल्या सुनेच्या डोळ्यांत नेमकी तीच खुपायची.

धाकटी परक्या लोकांतली. रंग वेगळा, बोली वेगळी. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिनं पडसं झाल्यासारखं सांगून टाकलं होतं, "मला डिप्रेशन आहे, गोळ्या चालू आहेत." सासूबाईंनी लगेच मान डोलावली. त्यांच्या लोकांत असतं म्हणे ते! तेव्हापासून जेवणं उरकली की हाक ठरलेली, "गोळी घेतलीस का गं?"

ती हाक कानावर पडली की थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मुलगी झाल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची, तेव्हा याच सासूबाई म्हणाल्या होत्या, "आपल्यात नसतं असलं काही. ऊठ, कामाला लाग." थोरली उठली. खाली घरचीच लाँड्री. तिथं इस्त्रीला उभी राहिली ती आजतागायत. मुलगी शाळेत जायला लागली, तरी सकाळी डोळे उघडले की तिला अजून रडू येतं.

जावेच्या रूपाचा, तिच्या माहेराचा तिला हेवा नव्हता. हेवा होता तो त्या दुखण्याचा. मेलं दुखणंसुद्धा हिचंच लाडकं!

एका दुपारी तिनं डबीतली गोळी उचलली. तोंडात टाकणार, तोच दारात धाकटी उभी.

"ताई, माझी गोळी तुम्हाला कशी चालेल?" धाकटीनं ती हळूच काढून घेतली. "माझ्या डॉक्टरांकडे चला. त्या तुम्हाला तपासतील."

"आमच्यात नसतं गं हे," थोरली म्हणाली आणि तिथंच ढसाढसा रडली.

गिऱ्हाइकांचे कपडे पोचवायचं निमित्त काढून दोघी डॉक्टरांकडे गेल्या. परत आल्या तेव्हा थोरलीच्या पर्समध्ये तिच्या स्वतःच्या गोळ्या होत्या. पर्समध्येच राहू द्याव्यात, असं तिला दहादा वाटलं. शेवटी तिनं त्या मिठाच्या शेजारी नेऊन ठेवल्या.

जेवणं झाली. सासूबाईंनी ताटावरून मान वर न करताच विचारलं, "गोळी घेतलीस का गं?"

"घेतली," थोरली म्हणाली.

सासूबाईंनी चमकून वर पाहिलं. "तुला नव्हतं विचारलं मी."

"हो ना आई," थोरली म्हणाली. "कधीच नाही विचारलंत."