वडिलांचा हात

सोमवारी सकाळी नांगराचा फाळ तापून लालभडक झाला तरी घण मारायला पोरगा आला नाही, तेव्हा म्हाताऱ्या लोहारानं ऐरणीवर लहान हातोडीचे दोन ठोके मारले. टण, टण. बापलेकांची बोलीच ती. दोन ठोके म्हणजे ये, कामाला लाग. हातोडी टेकेल तिथं पोरानं घण घालायचा, आणि हातोडी ऐरणीवर आडवी ठेवली की थांबायचं. चाळीस वर्षं लोखंड बडवून म्हाताऱ्याचे कान पार गेले होते, त्यामुळं तोंडी बोलणं दोघांत फारसं उरलंच नव्हतं. पण आळीतल्या बायका म्हणायच्या, हे दोघं ऐरणीवर जेवढं बोलतात तेवढं आमचे नवरे जन्मात बोलले नाहीत.

फाळ काळा पडला. म्हाताऱ्यानं तो पुन्हा निखाऱ्यात खुपसला, भाता ओढला, पुन्हा दोन ठोके मारले. बाहेर कोरडा वारा सुटला होता. जमीन अशी आवळून आली होती की कुदळ मारली तर ठिणगी उडावी, आणि म्हणूनच दाराशी सात-आठ फाळ धारेसाठी येऊन पडले होते.

म्हातारी दारात आली.

"अगं, पोरगा कुठाय?"

तिनं तोंड फिरवलं. बायकोचे ओठ वाचून त्याचा संसार चालला होता. ती पाठमोरी झाली की त्याच्यासाठी बोलणंच संपलं.

"मी काय विचारतोय? आजारी आहे का? सासूसुनांचं वाजलं का काही?"

ती तशीच आत निघून गेली. काल दुपारी जेवतानाही तिचं हेच चाललं होतं. आणि पोरगा तर भरलं ताट सरकवून उठला होता. म्हाताऱ्यानं तसं वाईट काहीच म्हटलं नव्हतं. देवळातून, मंडळीच्या सभेतून, घरी आल्या आल्या तो एवढंच म्हणाला होता, "आज मीपण हात वर केला बरं का! सगळ्यांपेक्षा उंच!"

तेवढ्यात गाडीवान आपला फाळ न्यायला आला. हा गडी मोठ्या गळ्याचा. म्हाताऱ्याच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन ओरडला, "बाबा, आता घण कोण मारणार तुमचा? पोराला तर वाळीत टाकलं!"

"गाडीत टाकलं? कुणाच्या गाडीत? कुठं नेलं?"

"गाडीत नाही हो! वाळीत! वा-ळी-त! मंडळीच्या बाहेर काढलं! तुम्हीच तर हात वर केलात काल!"

म्हातारा हसला. "हॅत! तो छपराचा ठराव होता. कौलं बदलायची आहेत ना. म्हटलं, खिळे आपल्याकडूनच घेतील."

गाडीवानाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मग तो खाली कोळशाच्या पोत्यावर बसला.

आता हे मंडळीचं प्रकरण सांगायला हवं. गावात ख्रिस्ती देवळं दोन, खालचं आणि वरचं. आजोबांच्या काळी एकच होतं. मग प्रभुभोजनाचा प्याला सगळ्यांत एकच फिरवायचा की ज्याला-त्याला वेगळी वाटी द्यायची, यावरून भांडण लागलं आणि मंडळी मधोमध चिरली. तेव्हापासून खालच्यानं वरच्यांच्या पंगतीला बसायचं नाही आणि वरच्यानं खालच्यांच्या. गेल्या महिन्यात लोहाराच्या पोराची सासू वारली, ती वरची. पोरगा मातीला गेला, देवळात बसला, आणि भाकर पुढं आली तेव्हा त्यानं तुकडा मोडून खाल्ला. मंडळीच्या वडिलांनी, म्हणजे पाळकांसोबत कारभार बघणाऱ्या पंचांनी, जाब विचारला तर म्हणाला, "प्रभू एक, भाकर एक, त्यात वरची काय अन् खालची काय?" झालं. त्यानं एकी मोडली असं ठरलं. आता त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्यासोबत जेवायचं नाही, त्याच्या हातचं काही घ्यायचं नाही. याला वडील लोक शिस्त म्हणायचे.

या मंडळीत ठराव एकमतानंच व्हायचा. एक हात खाली राहिला तरी ठराव पडला. आणि म्हातारा मंडळीत सगळं बघून करायचा. लोक उठले की उठायचा, मान खाली घातली की घालायचा, हात वर गेले की त्याचाही वर. ठरावाच्या वेळी पोराला रीतीप्रमाणं बाहेर उभं केलं होतं, त्यामुळं तो दिसलाही नाही. हात वर गेल्यावर सगळे आपल्याकडंच का बघताहेत हे त्याला कळलं नव्हतं. गिरणीवाला, म्हणजे मंडळीचा थोरला वडील, त्यानं तर खांद्यावर हात ठेवला होता. म्हाताऱ्याला तो मान वाटला होता.

"बाबा," गाडीवान पुन्हा कानाशी आला, "आम्ही हात वर केले ते तुमच्या भरवशावर हो! म्हटलं, गिरणीवाल्याशी वाकडं कोण घेईल? बाप काही हात वर करायचा नाही. ठराव आपोआप पडेल आणि आपलंही नाव खराब होणार नाही. तर तुमचा हात झपकन वर!"

"मी तुमच्याकडं बघून केला रे."

"आणि आम्ही तुमच्याकडं."

 आंधळ्याच्या गाई देव राखतो म्हणतात, बहिऱ्याचं राखायला मात्र कुणी मोकळं नव्हतं. मागं दारात म्हातारी उभी होती. गाडीवानाचं ओरडणं अख्ख्या आळीनं ऐकलं होतं, तिनंही ऐकलं. तिनं कपाळावर हात मारून घेतला आणि नवऱ्यासमोर येऊन सावकाश ओठ हलवले, "मला वाटलं, तुम्ही जाणूनबुजून केलंत."

"माझ्या पोराला? जाणूनबुजून?" म्हातारा म्हणाला, आणि भट्टीच्या कठड्याला धरून रडायला लागला.

दुपारी तो गिरणीवर गेला. गिरणीच्या घरघरीत सगळेच बहिरे, त्यामुळं तिथं सगळेच ओरडून बोलायचे, आणि म्हाताऱ्याला तिथंच काय ते थोडंफार ऐकू यायचं.

"माझा हात मला परत द्या," तो म्हणाला. "मला ऐकू आलं नव्हतं."

गिरणीवाल्यानं भुवयांवरचं पीठ झटकलं. "लोहारदादा, तुम्हाला ऐकू आलं नाही, पण देवानं हात बघितला. वर गेलेला हात खाली येत नाही आणि खाली राहिलेला वर जात नाही. पडलेला ठरावसुद्धा वर्षभर पुन्हा मांडता येत नाही. नियम आहे."

"अहो, पण चुकून..."

"चुकून म्हणाल तर गेल्या वीस वर्षांतले तुमचे सगळेच हात चुकून! पाळकांची नेमणूक चुकून, मला वडील केलंत ते चुकून! मग मंडळी राहील कुठं?" तो मऊ झाला, म्हणजे जरा कमी ओरडला. "पोराला सांगा, सगळ्यांपुढं गुडघे टेक, चुकलो म्हण. मग परत घ्यायचा ठराव मांडू. मी स्वतः हात वर करीन."

"त्याला सांगू कसा? त्याच्याशी बोलायची बंदी ना?"

"ते मात्र आहे," गिरणीवाला म्हणाला आणि दळणाकडं वळला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. येताना म्हातारा स्वतःला तेच बजावत होता. वाटेत त्यानं मनाशी एक गाठ मारून ठेवली: यापुढं जे कानानं ऐकलं नाही त्याला हात वर करायचा नाही. जग इकडचं तिकडं झालं तरी नाही.

पोरगा-सून वरच्या रस्त्याला, वीटभट्टीच्या पडक्या खोपटात जाऊन राहिले होते. वरच्या मंडळीनंही त्याला घेतलं नव्हतं. ते म्हणाले, ये की, पण खालच्या आईबापाशी बोलणं तोडून ये. एवढ्या एका बाबतीत दोन्ही मंडळ्यांची एकी होती.

बुधवारी दिवस कलला तेव्हा म्हातारा तिथं गेला. पोरगा दारात एकटाच बसला होता.

"मला ऐकू आलं नव्हतं रे," म्हातारा म्हणाला. "मला वाटलं, कौलांचं आहे. पोटच्या पोरावर कोण हात उचलील असा?"

पोरानं ओठ हलवले, पण त्याच्या दाढीमिशांतून म्हाताऱ्याला कधीच काही वाचता आलं नव्हतं. आणि ओरडावं तर रस्त्यानं माणसं येत-जात होती. दुसऱ्या कुणाशी चोरून कुजबुजता आलं असतं. स्वतःच्या बापाशी तेवढं जमणारं नव्हतं, कारण ते गावाला ऐकू गेलं असतं आणि बापालाही मंडळीनं बाहेर काढलं असतं. म्हाताऱ्या वयात आईला कोण बघणार होतं? पोरानं बापाचा हात हातात घेतला, तळवा वर केला आणि त्यावर बोटानं दोनदा ठोकलं. टक, टक.

म्हातारा उड्या मारायचा तेवढा बाकी राहिला. घरी येऊन बायकोला म्हणाला, "त्यानं मला माफ केलं. आणि ऐक, आता मी हात वर करणार नाही. कशालाच नाही."

"बरं करता," म्हातारी म्हणाली.

रविवारी नेहमीप्रमाणं तो पुढच्या बाकाच्या कडेला बसला. गाणी झाली, प्रार्थना झाली. मग पाळक उभे राहिले आणि बराच वेळ काहीतरी बोलले. पाळकांच्या मिशा तर पोराहून दाट. एकदा त्यांनी दाराकडं बोट केलं. म्हाताऱ्यानं वळून पाहिलं, पण दार लोटलेलं होतं.

हात वर जायला लागले.

म्हाताऱ्यानं दोन्ही हात मांड्यांखाली घातले. पुन्हा कुणाला तरी काढताहेत, तो मनात म्हणाला. काढा. माझ्या हातानं नाही. गाडीवानाचा हात वर गेला. गिरणीवाल्याचाही गेला, जरा उशिरानं. बायकांच्या बाजूला म्हातारीनं हात वर केला होता आणि दुसऱ्या हातानं ती त्याला वर, वर अशी खूण करत होती. ओठही हलत होते, पण एवढ्या लांबून त्याला नीट दिसेना. घाबरली बिचारी मंडळीच्या वडिलांना, त्याला वाटलं. जन्मात पहिल्यांदा त्यानं तिला मान हलवून नाही म्हटलं. हात मोजताना देवळात बोलायचं नाही असा नियम होता, म्हणून शेजारचा गाडीवान नुसताच कुजबुजला, आणि कुजबुजण्याचा काय उपयोग? मग त्यानं म्हाताऱ्याचा दंड धरून ओढला. चाळीस वर्षं हातोडी धरलेला दंड तो, जागचा हलला नाही. काही बायका रडत होत्या. म्हाताऱ्याला वाटलं, बघा, नुसता हात खाली ठेवायला केवढं धैर्य लागतं! गिरणीवाल्यानं वही मिटली.

बाहेर आल्यावर भिंतीशी पोरगा उभा दिसला. धुतलेला सदरा, विंचरलेले केस. म्हाताऱ्याला इतका आनंद झाला की बंदीबिंदी तो विसरूनच गेला. लोकांच्या देखत त्यानं हाक मारली, "आज मी हात वर नाही केला बरं का! सगळ्यांनी केला, मी नाही!"

 मग म्हातारी मधे आली. नवऱ्यासमोर उभी राहिली आणि ओठ हलवायला लागली. आवाज काढायची गरज नव्हती.

"सकाळी तो पाळकांकडं गेला होता. गुडघे टेकायला तयार झाला. म्हणाला, पटत नाही, पण बाबांसाठी टेकतो." पुढचं तिनं आणखी सावकाश ओठ हलवून सांगितलं.  "त्याला परत घ्यायचा ठराव होता."

म्हाताऱ्यानं एकेक शब्द वाचला. मग त्यानं उजवा हात वर केला. तिथंच अंगणात, जेवढा जाईल तेवढा. बैल गेला आणि झोपा केला, असं पाहणाऱ्याला वाटलं असेल, पण कुणी हसलं नाही. "हा बघा," तो ओरडत होता, "हा बघा माझा हात! मोजा!" गिरणीवाल्यानं देवळाला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि खाली बघत निघून गेला. बाकीची माणसंही दोन्ही बाजूंनी वाट काढून घरोघर गेली. गाडीवान तेवढा कोपऱ्यापर्यंत वळून वळून बघत होता.

हात वरच होता. म्हातारीनं बाही धरून पाहिली, तरी तो खाली घेईना.

तेव्हा पोरगा भिंत सोडून आला. त्यानं बापाचं मनगट धरलं आणि हात हळूहळू खाली आणला. मग बापाच्या तळव्यावर आपला हात आडवा ठेवला, ऐरणीवर हातोडी ठेवावी तसा, आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. मग तो वरच्या रस्त्यानं खोपटाकडं चालू लागला.

सोमवारी गाडीवान आपणहून घण मारायला आला. त्याचे घाव कुठंही पडत होते. म्हाताऱ्यानं हातोडी टेकवून त्याला जागा दाखवली नाही.