चाळीस गुंठ्यांचा एकर

मी एक जुना संगणक आहे. पोलादपूरच्या बाजारात श्रुतिका लोकांचे अर्ज भरून देते, तिच्या दुकानात माझे टेबल आहे. मित्रांनो, माझा पंखा कुरकुरतो आणि मला जागे व्हायला चहा उकळेपर्यंतचा वेळ लागतो, पण हट्टात मी कुणाला हार जाणार नाही.

महाडला संगणक दुरुस्त करणाऱ्या अमजदभाईंनी सुटे भाग जमवून मला जोडले. पूर आला तेव्हा त्यांनी आधी आम्हा संगणकांना माळ्यावर चढवले, म्हणून मी वाचलो. पुढे श्रुतिकाकडे आलो. "याचं काम कधी चुकत नाही," असे लोक म्हणत आणि मी फुगून जाई. तिथेच घात झाला.

एकदा डोंगरातल्या वाडीवरून रंगूबाई आल्या. पिशवीत सतरा बायकांचे सातबारा होते. उतारावरची माती दर पावसात खरवडून जात होती. ती धरायला सरकारी योजनेतली काजूची कलमे हवी होती, आणि जेवढी जमीन अर्जात, तेवढीच कलमे मिळणार होती. मुदत दोन दिवसांची.

नऊ अर्ज झाले. दहावा रंगूबाईंचा. पस्तीस-पस्तीस गुंठ्यांचे तीन तुकडे. श्रुतिकाने माझ्या कॅल्क्युलेटरवर पॉइंट पस्तीस तीनदा मिळवले. मी ऐटीत १.०५ दाखवले आणि तिने वाचले, "एक एकर पाच गुंठे."

रंगूबाईंना अक्षर येत नाही. त्यांनी बोटांची पेरे मोजली.

"नाय गो पोरी! एकर चाळीस गुंठ्यांचा हाय, शंभराचा नाय. दोन एकर पंचवीस गुंठं व्हतात. माजी अर्ध्याच्या वर जमीन तू कागदावरच व्हावून टाकलीस!"

श्रुतिकाचा चेहरा उतरला. मागचे नऊ अर्जही तसेच केलेले. मला तर लाजेने बंद पडावेसे वाटले. पण ती पेटून उठली. "याला एकर-गुंठे शिकवल्याशिवाय मी दुकान बंद करणार नाही."

तिने अमजदभाईंना फोन लावला. ते म्हणाले, "ताई, याच्यात दुसरा कॅल्क्युलेटर टाका, पण चकचकीत बघून निवडू नका. प्रत्येकाला रंगूबाईंचं गणित घाला. पास होईल तोच ठेवा."

पहिला कॅल्क्युलेटर रंगीत होता, पण प्रत्येक उत्तराला इंटरनेट मागायचा, आणि इथे ढग उतरले की रेंज गुल! नाव मोठे, लक्षण खोटे. दुसरा इतका अवजड, की त्याला पेलताना मीच गोठलो. तिसरा अमजदभाईंनी दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्हवर आणून दिला. दिसायला साधा, पण प्रत्येक पायरी लिहून दाखवणारा. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे, हे त्याला एकदाच सांगून ठेवता आले.

श्रुतिकाने तीन तुकडे घातले. मी जीव लावून उत्तर दिले, दोन एकर पंचवीस गुंठे.

"आता शाना झाला," रंगूबाई म्हणाल्या.

आधीचे नऊ अर्ज फाडून नव्याने भरले. माझा पंखा तापला, तरी मी थांबलो नाही. मुदतीच्या आत सतराही अर्ज गेले. यंदा आषाढात रंगूबाईंच्या तिन्ही तुकड्यांवर कलमे लागली आहेत.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसत जा, जुना म्हणून मला अडगळीत टाकू नका. पण माझ्यावर डोळे मिटून विश्वासही ठेवू नका. रंगूबाई अजूनही माझे उत्तर पेरांवर मोजल्याशिवाय कागदावर अंगठा उठवत नाहीत. मला त्याचा मुळीच राग येत नाही.