लाल चुरा

वहिनींनी पोराच्या तोंडात बोट घातलं आणि गालातून लाकडाचा लाल तुकडा बाहेर काढला. पोरगं जेमतेम चालायला लागलेलं. हातातोंडाशी आलेला खाऊ हिसकावला म्हणून त्यानं असा काही सूर लावला की झोपाळ्यावरची मुलंसुद्धा झोका थांबवून बघायला लागली.

"अहो, तो सगळंच तोंडात घालतो," बेबी हसत पुढं आली. "परवा खडू खाल्ला, काल माझ्या चष्म्याची दांडी चघळली."

बेबी म्हणजे वहिनींची नणंद. पन्नाशी उलटली, स्वतःच्या हिमतीवर बालवाडी काढली, गावभरची पोरं तिच्या हाताखालून गेली, पण घरात ती अजून बेबीच. आज तिनं वहिनींना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. मुलांच्या अंगणात सगळीकडे लाकूड भरडून रंगवलेला लाल चुरा पसरलेला होता, झोपाळ्याखाली, घसरगुंडीच्या तोंडाशी, झाडांच्या बुडाशी. पडलं तरी लागत नाही, चिखल होत नाही, तण उगवत नाही. आणि दिसायला तर काय, लग्नाचा मांडव झक मारेल.

"दादा स्वतः ट्रक घेऊन आला," बेबी सांगत होती. "पैशाचं नाव काढलं तर माझ्यावरच ओरडला. म्हणाला, बहिणीच्या शाळेला दिलं तर माझी वखार बुडते का?"

वहिनींचं लक्ष नव्हतं. तुकडा बोटांत धरून त्यांनी सवयीनं मोडला. काड्कन दोन झाले. बाहेरून लाल होता, पण आत तांब्याच्या जुन्या तोटीवर चढतो तसला हिरवट रंग मुरलेला. त्यांनी खाली वाकून मूठभर चुरा उचलला आणि एकेक तुकडा मोडत गेल्या. हा पांढरा. हाही पांढरा. हा हिरवट. हा प्लायवूडचा, पापुद्रे सुटलेला. हा पुन्हा हिरवट.

"बेबीताई, मुलांना आत घ्या."

"आत्ता? आत्ताच तर बाहेर सोडलंय."

"आत घ्या आणि सगळ्यांचे हात साबणानं धुवा. या अंगणाच्या फाटकाची किल्ली कुठं असते?"

बेबीनं किल्ली काढून दिली, पण तिचा चेहरा उतरला. "वहिनी, झालंय काय ते तरी सांगाल?"

"हे हिरवट दिसतंय ना, त्या लाकडाला वाळवीचं औषध पाजलंय. जुन्या कुंपणांचे, बंदराच्या धक्क्याचे खांब असतात तसले. त्यात सोमल असतो, आर्सेनिकचं विष. एका तुकड्यानं काही होत नाही, घाबरू नका. पण पोरं रोज यात लोळणार, रोज तेच हात तोंडात घालणार."

"दादा मला असलं देईल?"

"तेच विचारायला चाललेय."

"अहो, शनिवारी पालकांना बोलावलंय मी अंगण बघायला!"

"बघू देत की. कुलपासकट बघू देत," वहिनी म्हणाल्या. त्यांनी फाटक ओढून घेतलं, कुलूप घातलं आणि किल्ली आपल्या पिशवीत टाकली. आतल्या खिडकीच्या काचेला पोरांची नाकं चिकटली होती. सगळ्यांत खाली तो मघाचा, अजून रागावलेला.

वखार वहिनींना नवी नव्हती. लग्न झालं तेव्हा मालक, म्हणजे त्यांचे यजमान, एकटेच एका भाड्याच्या मशीनवर झाडांच्या छाटलेल्या फांद्या भरडायचे. पुढं मागणी वाढली, फांद्या पुरेनात. मग मालाच्या खोक्यांच्या फळ्या यायला लागल्या, पाडलेल्या घरांची दारं, खिडक्यांच्या चौकटी, मोडकी कपाटं. तेव्हा मालकांनीच नियम घातला होता, मोडून बघायचं, मग टाकायचं. मशीनच्या तोंडाशी एक लांब टेबल मांडलं होतं. त्यावर वहिनी बसायच्या. तांदूळ निवडावेत तसं लाकूड निवडायच्या. रंगवलेलं वेगळं, प्लायवूड वेगळं, आणि औषध पाजलेले खांब तर थेट फाटकाबाहेर. एकदा त्यांच्या नजरेतून एक खांब निसटला, तर मालकांनी चालू मशीन बंद करून त्यांना सगळ्यांदेखत झापलं होतं. वहिनी तेव्हा रडल्या होत्या. पण माणूस खरा आहे, असंही त्यांना तेव्हाच वाटलं होतं.

मग नवं मशीन आलं. ते काहीही खातं, दारच्या दार गिळतं. गुडघे दुखतात ना, आता आराम कर, असं म्हणून मालकांनी वहिनींना घरी बसवलं.

आज त्या वखारीत शिरल्या तेव्हा निवडीचं टेबल जागेवर नव्हतं. ते भिंतीला लावलं होतं आणि त्यावर लाल रंगाचे डबे रचले होते.

"अरे वा, आज इकडं कुठं?" मालक खुशीत होते. "चहा सांगू?"

वहिनींनी मोडलेला तुकडा त्यांच्यापुढं धरला. मालकांनी तो बघितला, न बघितल्यासारखं केलं.

"रंगानं काही होत नाही," ते म्हणाले. "साधा रंग आहे, लोखंडाच्या गंजासारखा. उद्या कुणी चाटला तरी—"

"रंगाला कोण नावं ठेवतंय? रंगाच्या आत काय आहे ते विचारतेय."

"एखादा खांब येतो चुकून."

"एका मुठीत दोन आले. चुकून?"

"अगं, दिवसाला किती माल जातो माहितेय का तुला? एकेक फळी मोडून बघत बसलो तर वखारीला टाळं लागेल. आणि एवढ्याशा तुकड्यानं कुणी मरत नाही."

"मरत नाही म्हणून पोरांच्या तोंडात द्यायचं? बेबीताईंच्या शाळेत पसरलंय ते तुम्ही. स्वतःच्या बहिणीच्या!"

मालकांनी इकडंतिकडं बघितलं. मशीनवरचे दोघे कामगार भलतेच मन लावून काम करत होते.

"हळू बोल जरा. निघेल तेही, सावकाशीनं काढू. आत्ता काढला तर बभ्रा होईल. उद्या सकाळी नगरपालिकेच्या बागांच्या मुख्य बाई घरी चहाला येतायत. सगळ्या बागांचं काम आहे, सगळ्या! हे जमलं ना, तर आपलं भलं होईल."

"सगळ्या बागांत हेच जाणार?"

मालक रंगाच्या डब्यांची झाकणं दाबून बसवायला लागले.

"मला एक सांगा," वहिनी म्हणाल्या. "इतकं चांगलं आहे, तर आपल्या वाफ्यात का नाही घालत तुम्ही?"

"घरी पालापाचोळा फुकट पडलेला असतो. तो सोडून हे कशाला घालू?" मालकांनी पटकन उत्तर दिलं. अगदी पटकन. "हे बघ, हात जोडतो तुला. उद्या त्या बाईंसमोर तेवढं तोंड बंद ठेव."

वहिनींनी त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. "ठेवते," त्या म्हणाल्या. "एक अक्षर बोलणार नाही. फक्त या मालाची चार पोती घरी पाठवा."

"कशाला?"

"लागतायत."

आपल्या बायकोनं एवढ्यात ऐकलं याच्याच आनंदात मालकांनी पोती ट्रकमध्ये टाकायला सांगितली.

घरामागचा वाफा हा मालकांचा जीव की प्राण. टोमॅटो, काकडी, मुळे, कडेनं कोथिंबीर. रोज सकाळी दात घासायच्या आधी ते वाफ्यापाशी उकिडवे बसत, पानं उलटून कीड बघत, वाळलेला पाला हातानं चुरून मुळांशी घालत. वहिनींना काकडी तोडायची परवानगी होती, वेलाला हात लावायची नव्हती. एवढा जीव त्यांनी कधी बायकोला लावला नाही, अशी वहिनींची जुनी तक्रार. अर्थात चेष्टेतली.

सकाळी बागांच्या बाईंना आणायला मालक गाडी घेऊन बाहेर पडले आणि वहिनींनी दंताळं उचललं. सगळा पाला ओढून बाजूला केला. मग पोत्यांची तोंडं सोडली आणि चुरा पसरला, टोमॅटोच्या बुडाशी, काकडीच्या वेलाखाली, कोथिंबिरीच्या मधून. हात आखडता घेतला नाही. वर झारीनं पाणी घातलं. गुडघे ठणकत होते. ठणकोत मेले, त्या पुटपुटल्या आणि झारी पुन्हा भरून आणली.

बागांच्या बाई उंच, चटपटीत, मनमोकळ्या होत्या. चहा बाहेरच घेऊ म्हणाल्या आणि सरळ मागच्या दारी आल्या. त्यांच्या मागून मालक आले. वाफा दिसला आणि त्यांचं बोलणं अर्ध्यातच तुटलं.

"अरे वा! घरी पण हाच वापरता?" बाईंनी विचारलं.

मालकांनी वहिनींकडे बघितलं. वहिनी कपात चहा ओतत होत्या. दिलेला शब्द त्या पाळत होत्या, एक अक्षर बोलत नव्हत्या.

"हो," मालक म्हणाले. मग जरा मोठ्यानं म्हणाले, "हो तर."

"माझ्या मनात हीच शंका होती बघा. विकणारे सगळेच चांगलं म्हणतात, पण स्वतःच्या घरात कोण घालतं? आता प्रश्नच मिटला." बाईंनी चहा संपवला, वाफ्याचा मोबाइलवर फोटो काढला. कामाचं नक्की समजा असं म्हणून, मालक सोडायला निघाले तरी नको नको म्हणत, त्या रिक्षानं गेल्यासुद्धा.

वहिनी कपबशा घेऊन आत आल्या. त्यांना वाटलं होतं, हा माणूस आपल्या वाफ्यासाठी तरी खरं बोलेल. निदान अडखळेल. तो तर सरळ हो म्हणाला! इतकी वर्षं ज्याच्या खरेपणावर संसार केला, त्यानं डोळ्यांदेखत गिळून टाकलं सगळं. बशी त्यांच्या हातून नळाखाली निसटली आणि टवका उडाला. त्यांना रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला. ठीक आहे, त्यांनी ठरवलं. मीच जाते बागांच्या बाईंकडे. तोंड बंद ठेवायचा शब्द होता तो त्यांच्या चहापुरता. तो संपला.

पिशवी घ्यायला वळल्या तर मागून खरवडल्याचा आवाज आला.

त्यांनी खिडकीतून बघितलं. मालक कडक इस्त्रीच्या कपड्यांत वाफ्यात गुडघे टेकून बसले होते आणि दोन्ही हातांनी चुरा उपसून रिकाम्या पोत्यात भरत होते. आधी ओंजळीनं, मग कोथिंबिरीच्या मुळांतून एकेक तुकडा वेचून. एक तुकडा त्यांनी मोडला. बघितला. बाजूला फेकला आणि दुप्पट घाईनं उपसायला लागले.

वहिनी बाहेर आल्या, वाफ्यापाशी उभ्या राहिल्या आणि त्यांच्या पुढ्यातलं पोतं पायानं लांब सरकवलं.

"काय करतेस? दे ते इकडं!"

"नाही."

"अगं, मुळे आहेत त्यात! आपण खातो ते!"

बोलून झाल्यावर मालकांना आपलंच बोलणं ऐकू आलं असावं. ते तसेच बसून राहिले, हात कोपरापर्यंत लाल.

"इथं राहणार असेल, तर शाळेतही राहील," वहिनी म्हणाल्या. "इथून निघणार असेल, तर आधी तिथून निघेल. मग त्या बाईंना फोन, आजच. मधलं काही नाही. ठरवा काय ते. तोवर या पोत्याला मी हात लावू देणार नाही."

शेजारच्या घरात कुणीतरी गालिचा झटकत होतं. मालकांनी हातातला चुरा वाफ्यात परत टाकला. मग एक हात जमिनीवर टेकून उठले. वहिनींनी त्यांना हात दिला नाही.

त्यांनी वाफा तसाच सोडला. दारात उभ्या ट्रकपाशी जाऊन मागची फळी पाडली, रिकामी पोती आत टाकली, फावडं टाकलं. थोडं थांबून दंताळंही टाकलं.

"एव्हाना शाळा सुटली असेल," ते पाठमोरेच म्हणाले. "बेबीकडे जाऊन आधी किल्ली आणायला लागेल."

वहिनी आतून पिशवी घेऊन आल्या, पुढच्या सीटवर चढून बसल्या आणि ती मांडीवर घेतली.

"किल्ली माझ्याकडे आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही गाडी काढा."