वाकड्या शेपटीचा पत्ता

एप्रिलचं ऊन पडून साप बाहेर यायला लागले की आमच्या गावातले लोक ते धरायला डोंगराला लागतात. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी संत दोमेनिकोंच्या मूर्तीला सापांनी मढवून मिरवायचं आणि मग ज्याला जिथून उचललं तिथेच नेऊन सोडायचं, एवढाच आमचा धर्म. त्यातला पहिला भाग सगळ्यांनाच आवडतो.

मी शाळेत लॅटिन शिकवतो. म्हणजे मेलेल्या भाषेत जिवंत मुलांना नापास करतो. साप धरायला शिकलो ते बेरार्दो काकांकडून. गेल्या वर्षी बदामाच्या बागेवरच्या जुन्या रचीव दगडी बांधातून त्यांनी एक पिल्लू उचललं. दीड वीत लांब, राखाडी, ठिपक्याठिपक्यांचं, बिनविषारी. शेपटीचं टोक मात्र ठोकताना वाकलेल्या खिळ्यासारखं, काटकोनात.

"सोडून देऊ," काका म्हणाले. "बारकं आहे. त्यात शेपूट बघ."

"शेपूट वाकडी म्हणून संत नाकारणार का त्याला?"

"संत कशाला नाकारतील? तुला मिरवायचंय, मास्तर, ते सरळ बोल की."

"मी स्वतः आणून सोडीन, काका. याच दगडाखाली. शब्द देतो."

काकांनी कापडी पिशवीला चिठ्ठी बांधली: बदामाचा बांध, तुटक्या फाटकापासून सातवा दगड.

मिरवणुकीत संतांच्या गळ्यात मनगटाएवढे जाड साप लोंबत होते आणि गर्दी मात्र माझ्याभोवती. वाकड्या शेपटीला हात लावला की दाढदुखी थांबते, असं कुणीतरी म्हणालं. मी हसलो, पण नाही म्हणालो नाही. टीव्हीवाल्या बाईंनी विचारलं, "हा सापडला कुठे?" वर्गात वीस वर्षांत कुठल्याच प्रश्नाला मी इतकं नेमकं उत्तर दिलं नव्हतं. बाग, बांध, फाटक, सातवा दगड.

साप दुसऱ्या दिवशी सोडायचे असतात. काकांनी आपले सोडले.

"तुझा?"

"गुरुवारी आणखी एक कॅमेरावाला येतोय. शुक्रवारी नक्की."

काकांनी आपली रिकामी पिशवी झटकली आणि ते निघाले.

शुक्रवारी सकाळी आम्ही वर गेलो. बांध नव्हता. वाकड्या शेपटीची भावंडं शोधायला लोक पहारी घेऊन येऊन गेले होते. दगड उतारावर विखुरले होते; काही, आठवण म्हणून असतील, घरोघर गेले होते.

"मोज," काका म्हणाले.

"काय मोजू?"

"सातवा."

मी पिशवी उघडली. पिल्लू मातीवर उतरलं, थांबलं, जीभ बाहेर काढली. जिथे बांध होता तिथे पुढे गेलं, मागे आलं, पुन्हा पुढे गेलं. मग उताराला लागलं. वाकडं टोक गवतात अडकलं, सुटलं, दिसेनासं झालं.

"तिकडे रस्ता आहे," मी म्हणालो.

"त्याला काय माहीत? त्याला बांध माहीत होता."

ओरडले असते तर बरं झालं असतं. काका खाली बसले आणि दगड लावायला लागले. मी एक उचलून दिला.

"हा नको. पायाला रुंद लागतो." दुसरा लावत म्हणाले, "लॅटिनमध्ये बांध घालत नाहीत वाटतं."

वर्षभर आम्ही दर रविवारी जातोय. बांध कमरेइतका झालाय. या एप्रिलमध्ये मी प्रत्येक फटीत डोकावलो. दोन पाली होत्या आणि एक गोगलगाय. काका म्हणतात, साप राहायला यायचा तर बांध जुना व्हायला लागतो.

"किती जुना?"

"माझ्या आजोबांनी घातलेला होता तो."

चिठ्ठी अजून माझ्या पाकिटात आहे. परवा फाटकापासून मोजत गेलो आणि एका दगडावर हात ठेवला.

"काका, सातवा हाच धरायचा ना?"

"ते तू नको ठरवूस," काका म्हणाले आणि माझ्या हाताखालचा दगड काढून दुसरीकडे लावला.