टोकियोहून आलेली शांतता

मी एक जुना, करडा टेलिफोन आहे, मित्रांनो. हेलसिंकीतल्या सरकारी रोखे विकणाऱ्या कचेरीत माझा जन्म गेला. सरकारला पैसे लागले की रोखे निघत. परदेशी लोक ते घेत आणि व्याज खात. सौदे माझ्यामार्फत होत.

मी नवा आलो तेव्हा माझ्यावर सौदे बोलणारी टेलर्वो मला रोज फडक्याने पुसायची. मी दिवसभर खणखणायचो. मग मंदी आली. टेलर्वोचा नवरा गोदीतले काम सुटून घरी बसला आणि माझ्यावर धूळ बसली. देश तोच, माणसे तीच. पण परदेशी गिऱ्हाईक येते तेही रांगेने आणि जाते तेही रांगेने!

त्या हिवाळ्यात रोख्यांचा एक मोठा गठ्ठा खपेना. गिऱ्हाईक यावे म्हणून व्याज वाढवले तर सरकारच्या खर्चाला कात्री लागणार, आणि ती शाळेतल्या फुकट जेवणावर चालणार, अशी कुजबुज होती. टेलर्वोची मुलगी तिथेच जेवायची.

आमच्या लोकांची एक खोड आहे. प्रश्न विचारला की आधी गप्प बसून विचार करतात. लंडनच्या एका गिऱ्हाईकाने भाव विचारला, आमचा साहेब एन्सिओ विचारात पडला, आणि लाइन तुटली समजून गिऱ्हाईकाने फोन ठेवला. गेले ते गेलेच.

एका सकाळी टोकियोच्या विमा कंपनीतून होरिउची बोलले. टेलर्वोने व्याजाचा दर सांगितला. पलीकडे शांतता. एक मिनिट झाले.

"लाइन मेली," एन्सिओ कुजबुजला.

टेलर्वोने बोलायच्या भागावर तळवा ठेवला. "नाही मेली."

"मग पाव टक्का वाढवून सांग! बोल काहीतरी, बाई!"

"गप रे. माझ्या लग्नाला हो म्हणताना बाबा यापेक्षा जास्त वेळ गप्प होते."

पुन्हा फोन लावू म्हणत त्याने मला बंद करायला हात पुढे केला. तिने तो बाजूला सारला. मला मात्र पलीकडचा संथ श्वास ऐकू येत होता.

"घेतो," होरिउची म्हणाले. "सगळे. तुम्ही घाई केली नाहीत, म्हणून भरवसा वाटला."

एन्सिओने आनंदात वेलदोड्याचे दोन पाव खाल्ले, त्यातला एक टेलर्वोचा. शाळेतले गुरुवारचे वाटाण्याचे सूप चालू राहिले. व्याज दरवर्षी ठरल्या तारखेला टोकियोला पोचले, म्हणून होरिउचींचा फोनही पुन्हा पुन्हा आला.

आता सौदे पडद्यावर होतात आणि मी कपाटात असतो. पण मित्रांनो, माझी तार अजून शाबूत आहे. मला फेकू नका. कधी उचललेत आणि आवाज आला नाही, तर लगेच ठेवू नका. मी विचार करत असेन.