आनंदाचा ब्रेक

“आनंदा, उद्यापासून तुझा ब्रेक,” ठेकेदाराचा मुकादम हिंदुराव म्हणाला, आणि आनंदा नुसता हसला. अंबरनाथच्या त्या रबर कंपनीत चौदा वर्षांत त्याने पुष्कळ ब्रेक पाहिले होते. चहाचा ब्रेक दहा मिनिटांचा, जेवणाचा अर्ध्या तासाचा, आणि ठेक्यावरच्या माणसाचा दर सात महिन्यांनी आठ दिवसांचा. सलग नोकरी भरली की माणूस कायम करा म्हणतो. म्हणून मध्येच त्याचं नाव कापायचं. “यांना ब्रेक आहे,” असं त्याची बायको विठाही शेजारणींना सांगे, शाळेला सुट्टी लागल्यासारखं.

पण प्रेस मशीनवर आनंदासारखा हात दुसऱ्या कोणाचा नव्हता. त्यामुळे ब्रेक फक्त कागदावर. गावी गेलेल्या जोडीदार सोमाचं हजेरीचं कार्ड खिशात घालून तो दुसऱ्या दिवशी कामावर हजर. आपल्यावाचून कंपनीचं अडतं, याचा त्या वेड्याला अभिमानच होता.

तिसऱ्या दिवशी मशीन त्याच्या उजव्या हातावर बसलं. दवाखान्यात डॉक्टरांनी नाव विचारलं. हिंदुराव काही बोलायच्या आत आनंदाच म्हणाला, “सोमा.” खरं सांगितलं तर सगळं उघडं पडेल आणि आपली नोकरी जाईल, एवढंच त्याला सुचलं. चार बोटं गेली. नोकरी तेवढी वाचवली, असं त्याला वाटलं.

दोन महिन्यांनी तो हलकं काम मागायला गेला. जखमी कामगाराला गेटवर बसवतात, हे त्याला ठाऊक होतं. हिंदुरावने हजेरीपट उघडून समोर धरला.

“तू तर ब्रेकवर होतास. जखमी सोमा झालाय. आन् आता ह्या हाताचं मी काय करू?”

गेटवरच्या स्टुलावर सोमाच बसला होता. तपासणीला सरकारी साहेब आले तर दिसावी म्हणून त्याच्या धडधाकट उजव्या हाताला पट्टी बांधली होती. आनंदाला पाहून त्याची मान खाली गेली. गावाहून बोलवून मला इथे बसवलं, नाही कसं म्हणू, असं काहीतरी तो पुटपुटला.

जेवणाचा भोंगा झाला. सोमाने पट्टी सोडली, पाची बोटांनी भाकरी मोडली आणि अर्धी आनंदाच्या डाव्या हातात ठेवली. दोघांनी खाल्लं.

पुन्हा भोंगा झाला. सोमाने अवघडून हात पुढे केला.

“जरा बांधून दे ना. मला नीट जमत नाय. तुला माहितीय, कशी असते ती.”

आनंदाने पट्टीचं एक टोक दातांत धरलं आणि डाव्या हाताने बांधायला घेतली.